अमेरिकेतली युनियन मेंबरशिप: पैसे वसूल होतात का, आणि तिथल्या संसदेत अडकलेलं प्रो अॅक्ट हे युनियनचं बिल आलं तर काय फरक पडेल

रेटिंग: मेंबरशिपला ५ पैकी ४. ज्या कायद्यावर ती चालते त्या कायद्याला २, ते पण मन मोठं करून.

आधी पैशाचं बोलूया कारण पहिला प्रश्न तोच येतो. ड्यूज म्हणजे युनियनची वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते, आमच्याकडे पगाराच्या साधारण दीड-दोन टक्क्यांच्या आसपास, प्रत्येक युनियनचा हिशोब वेगळा असतो, गाडी कारखान्यांची जी मोठी युनियन आहे यूएडब्ल्यू तिथे महिन्याला अडीच तासांचा पगार असा हिशोब आहे. मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत टेक्निशियन आहे, मला आयती युनियन मिळाली, म्हणजे मी लागायच्या कितीतरी आधीपासून तिथे कॉन्ट्रॅक्ट (युनियन आणि मालक यांच्यातला करार) होतं, मी फक्त फॉर्मवर सही केली. हे मुद्दाम सांगतेय कारण आयती मिळणं आणि स्वतः उभी करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यावर पुढे येतेच.

तर त्या पैशात मिळतं काय. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छापील कॉन्ट्रॅक्ट. इथे बहुतेक खाजगी नोकऱ्या "अॅट विल" असतात, म्हणजे मालकाला वाटलं की उद्यापासून येऊ नका, कारण सांगायची पण सक्ती नाही (जात, धर्म, लिंग वगैरेवरून काढलं तर कायदा मध्ये येतो, पण ते सिद्ध करत बसा). युनियन कॉन्ट्रॅक्टमध्ये "जस्ट कॉज" असतं, काढायचं तर कारण दाखवा, आधी वॉर्निंग द्या, कागद करा. भारतातून आलेल्या आपल्या लोकांना अॅट विल म्हणजे काय हे पहिला ले-ऑफ बघेपर्यंत कळत नाही असं माझं निरीक्षण आहे.

दुसरं म्हणजे पगाराची शिडी छापलेली असते, कितव्या वर्षी किती, नाइट शिफ्टला वर किती, सगळं. मॅनेजरशी गोड बोलून रेझ मागायची भानगड नाही, ज्यांना गोड बोलता येत नाही त्यांच्यासाठी (मी) हे वरदान आहे. सरकारी आकडा सांगायचा तर २०२४ मध्ये फुल टाइम युनियनवाल्यांचा आठवड्याचा मधला पगार (म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) १,३३७ डॉलर होता आणि बिनयुनियनवाल्यांचा १,१३८. आता हा सगळा फरक युनियनमुळेच असं समजू नका, धंदा कुठला, राज्य कुठलं, कंपनी केवढी हे पण त्यात आलं, आकडे काढणारं सरकारी खातं स्वतःच तसं सांगतं. पण ड्यूजची रक्कम आणि हा फरक शेजारी शेजारी ठेवून बघा.

तिसरं, ग्रीव्हन्स, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट मोडलं म्हणून युनियनमार्फत केलेली तक्रार. आमचं शेड्यूल परस्पर बदललं होतं आणि ओव्हरटाइमचे तास कुठेतरी गायब झाले, एचआरला मेल टाकले तर "वी आर लुकिंग इन्टू इट" च्या पुढे गाडी हलेना. आमच्या स्टुअर्ड बाईंनी (स्टुअर्ड म्हणजे आपल्यातलीच एक सहकारी, युनियनची प्रतिनिधी) कॉन्ट्रॅक्टमधलं कलम काढून ग्रीव्हन्स टाकला आणि पैसे आले. लवकर आले का, नाही, अजिबात नाही, मी आशा सोडली होती तेव्हा आले. पण आले. आणि अजून एक गोष्ट जी सगळ्यांना माहीत पाहिजे, मॅनेजरने चौकशीला आत बोलावलं आणि त्यातून शिक्षा होऊ शकते असं वाटलं तर युनियनवाला कर्मचारी "माझा प्रतिनिधी बरोबर हवा" असं म्हणू शकतो, १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या वाइनगार्टन निकालापासून हा हक्क आहे. पण तो मागावा लागतो, कोणी आपणहून सांगत नाही.

एक स्टार कापला त्याची कारणं पण लिहिते. स्टुअर्ड मिळणं मुश्किल, एकच बाई आणि तीन फ्लोअर. मीटिंग्ज अशा वेळी की नाइट शिफ्टवाल्याने यावं तरी कसं. सीनियॉरिटीचा नियम नवीन लोकांना झोंबतो, दिवाळीची सुट्टी मागायला गेलात तर पंधरा वर्षं जुनी माणसं रांगेत पुढे असतात (बिचारे ते दिवाळीला मागत नाहीत म्हणून मला मिळते तो भाग वेगळा, पण थँक्सगिव्हिंगला विसराच). आणि कामचुकार माणूस पण त्याच कलमाच्या आड लपतो जे मला वाचवतं. संपाबद्दल पण विचारतात सगळे, तर हॉस्पिटलवाल्यांना असं एकदम उठून बाहेर जाता येत नाही, दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, १९७४ पासून तसा नियम आहे, पेशंट वाऱ्यावर पडू नयेत म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

आपल्या लोकांची अजून एक शंका असते, विशेषतः मुंबईकरांची, की युनियन म्हणजे १९८२ चा गिरणी संप, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार बाहेर आणि शेवटी गिरण्याच गेल्या. माझ्या सासऱ्यांनी ते सगळं लालबागमध्ये बसून बघितलंय, मी ड्यूज भरते हे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण इथली गंमत अशी आहे की कॉन्ट्रॅक्ट चालू असेपर्यंत संप करायचा नाही असं बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असतं, रोजच्या कामात युनियन म्हणजे बहुतांशी कागद, तारखा आणि कलमं. कंटाळवाणी गोष्ट आहे खरं तर. चांगल्या अर्थाने.

आता खरी तक्रार.

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये एका वेअरहाउसमध्ये आहे (नाव लिहीत नाही, केस चालू आहे). तिथे त्यांनी युनियन आणायचा प्रयत्न केला. नियम वाचायला सोपा आहे, ३० टक्के लोकांनी "युनियन हवी" अशी कार्ड साइन केली की एनएलआरबी म्हणजे नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे इलेक्शन मागता येतं, पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळाली की युनियन आली. कार्ड तर भराभर साइन झाली. मग कंपनीने कन्सल्टंट आणले, ज्यांचं कामच युनियन येऊ न देणं हे असतं, आणि कामाच्या वेळेत सगळ्यांना बसवून मीटिंग्ज सुरू झाल्या, युनियन आली तर काय काय होईल याच्या स्लाइड्स. न जाऊन कसं चालेल, शिफ्टमध्येच लावलेली मीटिंग. मग जो मुलगा सगळ्यात पुढे होता त्याला काढलं, कारण दिलं लेट येतो. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, लेट तर आम्ही सगळेच येतो गं, पार्किंगच तेवढं लांब आहे." मतदान हरले. हरणारच होते, त्याला काढलेलं सगळ्यांनी बघितलं होतं.

युनियनसाठी काम केलं म्हणून माणसाला काढणं बेकायदेशीर आहे का? आहे, १९३५ पासून, रूझवेल्टच्या काळातल्या वॅग्नर कायद्यापासून. मग शिक्षा काय? इथेच मी कायद्याचे तीन स्टार कापलेत. दंड नाही. शून्य. केस करा, काही वर्षांनी जिंकलात तर नोकरी परत आणि बुडालेला पगार, आणि त्या पगारातून पण मधल्या काळात तुम्ही दुसरीकडे जे कमावलं ते वजा. म्हणजे त्या मुलाने पोट भरायला दुसरीकडे काम धरलं (धरलंच) तर कंपनीचं बिल उलट कमी होतं. विदाउट तिकीट पकडल्यावर टीसीने फक्त तिकिटाचे पैसे घेतले, तेही वर्षभराने आणि थोडे कमी करून, तर तिकीट काढेल कोण?

त्यात २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनी बोर्डाच्या एका मेंबर बाईंना काढलं आणि बोर्डाचा कोरमच (निकाल द्यायला लागणारी किमान मेंबरसंख्या) गेला, कित्येक महिने वरच्या पातळीवर निकालच देता येईनात. ज्यांनी निकाल द्यायचा त्यांच्या खुर्च्याच तेव्हा रिकाम्या होत्या.

आणि समजा जिंकलात, तरी पुढचा घाट बाकीच असतो. इलेक्शन जिंकलं म्हणजे फक्त मालकाला चर्चेला बसायला लावायचा हक्क मिळाला. कॉन्ट्रॅक्ट झालंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, "गुड फेथ" ने, म्हणजे प्रामाणिकपणे, बसा एवढंच म्हणतो. पहिलं कॉन्ट्रॅक्ट व्हायला सरासरी वर्षाच्या वर जातं. बफेलोमधलं स्टारबक्सचं स्टोअर डिसेंबर २०२१ मध्ये जिंकलं, त्यानंतर शेकडो स्टोअर्स जिंकली, आणि २०२५ संपेपर्यंत एकाही स्टोअरला कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. स्टेटन आयलंडचं अॅमेझॉनचं वेअरहाउस एप्रिल २०२२ ला जिंकलं, जगभर फोटो आले, कंपनीने निकालच मान्य केला नाही, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता नाही. तोवर निम्मा स्टाफ नोकरी सोडून गेलेला असतो, नवीन आलेल्यांना इलेक्शन झालं होतं हेच माहीत नसतं. टाळाटाळ करणाऱ्याच्या बाजूने घड्याळ चालतं.

म्हणून त्या बिलाबद्दल लिहायचंय. नाव प्रो अॅक्ट, हाउसमध्ये (अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह) दोनदा पास झालंय, फेब्रुवारी २०२० मध्ये २२४ विरुद्ध १९४ आणि मार्च २०२१ मध्ये २२५ विरुद्ध २०६, सिनेटमध्ये (वरचं सभागृह) दोन्ही वेळा मतदानापर्यंत पोचलंच नाही, पहिल्या वेळी सिनेट रिपब्लिकनांच्या हातात होतं, दुसऱ्या वेळी फिलिबस्टर, म्हणजे चर्चा संपवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. २०२३ आणि २०२५ मध्ये परत मांडलं, परत पडून आहे. मी ते पूर्ण वाचायचा प्रयत्न केला, निम्मं बिल "अमुक कलमातले तमुक शब्द काढून हे घाला" असंच आहे, जुना कायदा शेजारी उघडून बसावं लागतं. पण आत जे आहे ते कोणीतरी टेक्सासच्या त्या वेअरहाउसमध्ये बसून लिहिल्यासारखं वाटतं. माणसाला बेकायदेशीर काढलं तर प्रत्येक वेळी ५०,००० डॉलरपर्यंत दंड, परत परत केलं तर दुप्पट, आणि काही बाबतीत डायरेक्टर-ऑफिसर लोकांवर व्यक्तिशः. पगारातून मधली कमाई वजा करायची नाही. सक्तीच्या मीटिंग्ज बंद. कंपनीने गडबड करून इलेक्शन बिघडवलं आणि बहुमताची कार्ड आधीच साइन झालेली असतील तर बोर्ड सरळ युनियनला मान्यता देऊ शकतं. संपावर गेलेल्यांच्या जागी कायमची माणसं भरायची मुभा, जी १९३८ च्या सुप्रीम कोर्टाच्या मॅके रेडिओ निकालापासून चालत आलीय, ती पण जाते (संप करणं हा हक्क आहे पण तुमची जागा कायमची दुसऱ्याला देता येते, यात हक्क कुठे उरला ते मला कोणी समजावून सांगा).

माझ्या मते सगळ्यात कामाचं कलम मात्र पहिल्या कॉन्ट्रॅक्टचं आहे. मागणी केल्यावर दहा दिवसांत बसायचं, ९० दिवसांत जमलं नाही तर मध्यस्थ, आणखी ३० दिवसांत पण नाही तर लवाद नेमून तो कॉन्ट्रॅक्ट ठरवणार आणि ते दोघांवर बंधनकारक. एवढं एक कलम जरी आलं ना तरी बाकी बिल कपाटात गेलं तरी मला चालेल. आणि असा विचार करणारी मी एकटी नाही, कारण नेमकं हेच कलम वेगळं काढून २०२५ मध्ये मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली, तेही रिपब्लिकन, यांनी फास्टर लेबर कॉन्ट्रॅक्ट्स अॅक्ट म्हणून मांडलं, बरोबर आमच्या न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर. या दोघांचं एरवी पाणी पिण्यावरून पण एकमत होणार नाही.

राइट टू वर्कचा मुद्दा घ्यायलाच हवा कारण टेक्सासवाले लगेच विचारतील. १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा, राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने व्हेटो केला तरी काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) पास केला, त्यातून राज्यांना मुभा मिळाली की ड्यूजची सक्ती करायला बंदी घाला, त्या बंदीलाच राइट टू वर्क म्हणतात. आता २६ राज्यांत बंदी आहे, मिशिगनने २०२३ मध्ये ती उलटवली. ऐकायला बरं वाटतं, ज्याला द्यायचे तो देईल. पण कायद्यानेच युनियनला न देणाऱ्यासाठी पण भांडावं लागतं, त्याचा ग्रीव्हन्स पण लढावा लागतो. सोसायटीत मेंटेनन्स न भरणारे फ्लॅटवाले लिफ्ट वापरतातच की, तुम्हाला माहितीयत ती माणसं. प्रो अॅक्टमध्ये कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरलं असेल तर त्यांच्याकडून निदान प्रतिनिधित्वाचा खर्च घेता येईल. यावर माझी मावसबहीण पण नाराज आहे बरं का, ती म्हणते आधी काम दाखवा मग पैसे मागा. तिचं पण चूक नाही, तिने आत्तापर्यंत फक्त हरलेली युनियन बघितलीय.

बिलात मला न आवडलेलं पण आहे. स्वतंत्र कंत्राटदार कोण हे ठरवायला एबीसी टेस्ट आणलीय, म्हणजे तीन अटी पूर्ण होत नाहीत तोवर तुम्ही कर्मचारीच, आणि कर्मचारी म्हणजे युनियनचा कायदा लागू. गाडी चालवणाऱ्यांना, डिलिव्हरीवाल्यांना हे हवंच आहे. पण कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तशीच टेस्ट आणली तेव्हा फ्रीलान्स लिहिणारे, भाषांतर करणारे, गाणारे-वाजवणारे असे लोक ओरडले, कामं जायला लागली, मग एकेक धंदा वगळायची यादी लांबत गेली. प्रो अॅक्टमधली टेस्ट फक्त युनियनच्या कायद्यापुरती आहे, टॅक्सला लागू नाही, तरी घाबरून काम देणं थांबवणाऱ्या कंपनीला हा बारकावा कोण समजावणार. शिवाय दहा माणसांच्या दुकानाला आणि लाखभर माणसांच्या कंपनीला लवादाचं तेच वेळापत्रक, हे जरा जास्तच वाटतं. लहानांना थोडी सवड द्यायला हरकत नव्हती.

आता पगाराचं दुसरं बिल, रेझ द वेज अॅक्ट. फेडरल मिनिमम वेज ७.२५ डॉलर तास आहे, २४ जुलै २००९ पासून. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता नोकरी करतंय. आठवड्याचे ४० तास, वर्षभर एकही सुट्टी न घेता केले तर १५,०८० डॉलर होतात, टॅक्सच्या आधी. आमच्या न्यू जर्सीत २०२५ मध्ये १५.४९ होता, डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनियात ७.२५. पुलावर फक्त टोल आहे, बाकी माणसं तीच, भाडी तीच. आणि टिपवाल्यांचं तर बघायलाच नको, २.१३ डॉलर, १९९१ पासून हललेला नाही. टिप मिळून ७.२५ होत नसतील तर मालकाने फरक भरायचा असा नियम आहे, पण आठवड्याच्या शेवटी हिशोब घेऊन मालकाकडे जायची हिंमत कोणत्या वेट्रेसला होणार, पुढच्या आठवड्याच्या चांगल्या शिफ्ट त्याच्याच हातात असतात.

२०२५ चं बिल म्हणतं २०३० पर्यंत १७ डॉलर, पुढे देशातला मधला पगार वाढेल त्याला जोडून आपोआप, आणि टिपवाल्यांचा वेगळा दर हळूहळू बंद. याआधी १५ डॉलरचा प्रयत्न २०२१ मध्ये झाला होता, कोविड पॅकेजमध्ये घुसवायला गेले, सिनेटच्या पार्लमेंटेरियनने (नियमांचा सल्ला देणारा अधिकारी) नियमात बसत नाही म्हटलं, मग सिनेटर बर्नी सँडर्सनी सुधारणा म्हणून मांडलं तर ४२ विरुद्ध ५८ ने पडलं, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचे पण काही फुटले. सीबीओ म्हणजे काँग्रेसच्या बजेट ऑफिसने तेव्हा अंदाज दिला होता की १५ डॉलरमुळे ९ लाख लोक गरिबीतून बाहेर येतील आणि १४ लाख नोकऱ्या कमी होतील. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्धा आकडा घेऊन फिरतात, तुम्ही पूर्ण वाचा. नोकऱ्यांच्या आकड्यावरून अर्थतज्ज्ञांत भांडणं आहेत, पण तो आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मला विचाराल तर १७ वर एकदम भांडण्यापेक्षा महागाईशी जोडून टाकणं हा खरा मुद्दा आहे, ते १९३८ मध्ये २५ सेंटने कायदा सुरू केला तेव्हाच केलं असतं तर दर दहा वर्षांनी वॉशिंग्टनला जाऊन हात पसरावे लागले नसते.

दोन्हीतलं एकच पास होणार असेल तर कोणतं? माझ्यासारखीला प्रो अॅक्ट, कारण मिनिमम वेज मला लागत नाही आणि ज्याच्याकडे कॉन्ट्रॅक्ट आहे तो पगार स्वतः वाढवून घेतो. पण खाजगी क्षेत्रात २०२४ मध्ये फक्त ५.९ टक्के लोक युनियनमध्ये होते, १९८३ मध्ये सरकारी-खाजगी सगळे धरून २०.१ होते ते २०२४ मध्ये ९.९ वर आले. शेतमजूर आणि घरकाम करणारे तर १९३५ च्या कायद्यातूनच वगळलेत, त्यांना एनएलआरबीकडे इलेक्शनच मागता येत नाही. त्यामुळे प्रामाणिकपणे सांगायचं तर आधी वेजचं बिल, कारण दंडाचा कायदा आला तरी त्या २.१३ वाल्या वेट्रेसपर्यंत युनियन पोचायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे.

घ्यावी का मेंबरशिप? जिथे कॉन्ट्रॅक्ट तयार आहे तिथे डोळे झाकून घ्या. जिथे नाही आणि कोणी कार्ड घेऊन आलं, तर तीन गोष्टी विचारा: ड्यूज कधीपासून (बऱ्याच युनियन पहिलं कॉन्ट्रॅक्ट मंजूर होईपर्यंत घेत नाहीत), संपाच्या काळात फंडातून किती मिळतं, आणि स्टुअर्ड आपल्या शिफ्टमधला असणार का. कार्ड ब्रेकमध्ये साइन करा, कंपनीच्या ईमेलवरून एक अक्षर टाकू नका, आणि वेळेवर पंच करा, अगदी मिनिटावर, पार्किंग कितीही लांब असलं तरी.